तांबडं टोक डाव्या खांद्याकडे

१

पुणे शहरात दिशा ओळखणारा माणूस एकच, आणि तो मी. मला पोत्यात घाला, पोत्याचं तोंड बांधा, सात वेळा गरगरा फिरवा आणि मुठेकाठी वाटेल तिथं ओता. मी उठून अंग झटकीन आणि बोट दाखवून सांगेन, ही उत्तर. आता मागच्या पंचमीला विहिरीवरून ओल्या धोतराने परत येताना शेजारच्या कासाराच्या घरात शिरलो, पाटावर बसलो आणि ‘वाढ’ म्हणालो, ही गोष्ट वेगळी. कासारणीने मुकाट वाढलं. दोन घास पोटात गेल्यावर चूक कळली, कारण आमटीला चव होती.

माझं नाव मच्छिंद्र. सरकारचा जासूद, म्हणजे लखोटा कमरेला बांधायचा आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पळायचं. चाळीस वर्षं पळालो. आता सदाशिव पेठेच्या अगदी टोकाला दोन खोल्यांत बसून असतो, मी आणि बायको म्हाळसा. शिक्षण म्हणाल तर पंतोजींकडे अर्ध्या बाराखडीपर्यंत गेलो होतो. पुढे त्यांच्या पागोट्यात सरडा निघाला आणि विद्या खुंटली. सरडा आपणहून गेला होता, असं मी अजून सांगतो.

रोज सकाळी आंघोळ झाली की माझं एक काम ठरलेलं. दिवळीतला होका काढायचा आणि जमिनीवर ठेवायचा. होका म्हणजे पितळेचा चपटा डबा, वर काच, आत खिळ्याच्या टोकावर तोललेला लोखंडी काटा. दर्यावर्दी लोक हा बघून गलबत हाकतात. काट्याचं एक टोक तांबडं रंगवलेलं. डबा ठेवला की काटा थरथरतो, इकडेतिकडे बघतो आणि तांबडं टोक चुलीकडे करून गप्प बसतो. आमची चूल बरोबर उत्तरेला आहे.

“म्हाळसे, चूल जागेवर आहे,” मी म्हणायचो.

“तुम्ही नाहीत,” ती म्हणायची.

बारा वर्षं आमचं सकाळचं बोलणं एवढंच.

यंदा श्रावणात एका सकाळी तांबडं टोक चुलीच्या डावीकडे थांबलं. फार नाही, एका जवाच्या दाण्याएवढं. मी डबा हलवला, टिचकी मारली, ठेवला. पुन्हा तिथंच.

“चूल जागेवर आहे,” मी म्हणालो.  म्हाळसा तांदूळ निवडत होती.

दुसऱ्या दिवशी दोन दाणे. माझं डोकं काही वाया गेलेलं नाही. लोखंड जवळ असलं की काटा बिघडतो, हे मला ठाऊक. विळी, कोयता, अडकित्ता, उलथणं, सगळं उचलून अंगणात नेऊन ठेवलं. कासाराने विचारलं, “घर सोडताय की बायको?” काटा तसूभर हलला नाही. दहा दिवसांत तो चुलीकडून भिंतीकडे, भिंतीकडून खिडकीकडे, खिडकीकडून दाराकडे आला आणि तिथं ठरला. आमचं दार सिंहगडाच्या अंगाला आहे. ढग नसले की उंबऱ्यातून गड दिसतो.

होका घरात असताना त्या दाराकडे मी पाठ करून बसू लागलो. मग दाराकडे पाठ नको वाटू लागली.

२

बारा वर्षांमागे आमच्या जासुदांवर आप्पासाहेब म्हणून अंमलदार होते. माणूस भला, पोट त्याहून भलं. त्यांना पालखीतून उतरवायला दोघं लागत, पण दुसऱ्यांनी कसं चालावं याच्या कल्पना त्यांच्याकडे रोज नव्या. पावसाळ्यात डोंगरावर धुकं उतरलं की आमची माणसं वाट चुकत. कोकणातल्या एका तांडेलाने आप्पासाहेबांच्या कानात भरवलं की होका बघून समुद्रात चालता येतं, मग डोंगरात का नाही? झालं. रविवार पेठेतल्या मैनुद्दीनला दोन होके करायला सांगितले आणि ते धरून चालायला शिकण्यासाठी दोन माणसं नेमली. एक मी, कारण मला दुसरं काम सांगायची सोय नव्हती. दुसरा संपत, कारण तो कशालाच नाही म्हणत नसे.

संपत म्हाळसेचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा दीड वर्षाचा. म्हाळसा लग्न होऊन माझ्या घरी आली ती त्याला कडेवर घेऊनच. आम्हाला मूल झालं नाही. म्हाळसेला ते कधी जाणवलं असेल असं मला वाटत नाही. मला तो दाजी म्हणायचा, आणि मी सांगेन ते खरं मानायचा. तीस वर्षांचा बाप्या, पण मी एकदा म्हणालो की पर्वतीच्या पायऱ्या उतरताना एक कमी भरते, तर तीन दिवस चढून-उतरून मोजत होता.

मैनुद्दीन कुलपं करायचा, आणि प्रवासाला निघणाऱ्या मुसलमानांसाठी नमाजाची दिशा दाखवणारे डबेही. त्याच्याकडे सुपारीएवढा काळा चुंबकाचा दगड होता, त्याच्या बापाचा. त्या दगडावर घासून त्याने आमचे दोन्ही काटे तयार केले. मग पर्वतीमागच्या माळावर आम्हाला शिकवायला यायचा.

“काटा धरून पळायचं नाही, मच्छिंद्रभाऊ. थांबायचं. श्वास सोडायचा. काटा ठरू द्यायचा. समोरचं एक झाड हेरायचं, तिथवर जायचं. पुन्हा थांबायचं.”

“आणि झाडच चालायला लागलं तर?”

“तर त्यालाही तुमचा कंटाळा आला असं समजायचं.”

संपत हसायचा नाही. ओठ हलवत पावलं मोजायचा. जासुदांची रीत अशी की कमरेला दोन थैल्या बांधायच्या. शंभर पावलं झाली की उजव्या थैलीतला एक खडा डावीत टाकायचा. मुक्कामाला खडे मोजले की अंतर कळतं. मी खडे टाकायला विसरायचो आणि शेवटी मूठभर एकदम टाकायचो. संपतचा खडा मात्र शंभरला पडणारच. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

भाद्रपदात परीक्षा ठरली. सिंहगडाच्या पायथ्यापासून डोंगराच्या धारेने कात्रजच्या तळ्यापर्यंत यायचं, एकेकट्याने, कुणाला वाट न विचारता. चालायचं पूर्वेला, म्हणजे तांबडं टोक कायम डाव्या खांद्याकडे राहिलं पाहिजे.

आदल्या दिवशी मी मैनुद्दीनच्या दुकानातून तो दगड उचलला. संपतचा डबा उघडला, आणि तळाच्या कागदाखाली डाव्या बाजूला दगड मेणाने चिकटवला. गंमत तुमच्या लक्षात आली असेल. आता संपत पूर्वेला तोंड करो, पश्चिमेला करो, नाहीतर थेट काशीला करो. तांबडं टोक डाव्या खांद्याकडेच. तो जिकडे बघेल तीच वाट बरोबर. मला वाटलं, गडाला दोन प्रदक्षिणा घालून दमेल, संध्याकाळी खडकवासल्याला कुणाच्या तरी ओसरीवर सापडेल, आणि मला जन्मभर पुरेल एवढं हसायला मिळेल.

निघताना त्याने डबा तळहातावर धरला.

“दाजी, आज काटा कसा शहाण्यासारखा वागतोय बघा. जरा थरथरत नाही.”

हसू दाबायला मी खोकलो. तो धुक्यात गेला. दिसेनासा झाल्यावरही एकदा ऐकू आलं. टक्.

मी कात्रजला पोचलो. होक्याने नाही, एक गुराखी म्हशी घेऊन निघाला होता, त्याच्या मागे मागे. संपत आला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. खडकवासल्याची माणसं घेऊन आम्ही चार दिवस डोंगर पालथा घातला. धारेवर एका सपाट जागी चिखलात पावलं सापडली. एकाच माणसाची, गोल. एकावर एक, एकावर एक, इतकी की तिथं बैलाच्या घाण्यासारखी वाट पडली होती. त्या गोलातून बाहेर जाणारं पाऊल मात्र आम्हाला दिसलं नाही.

दगडाचं मी कुणाला बोललो नाही. आप्पासाहेबांना सांगितलं, त्याला नीट शिकताच आलं नाही. चावडीवर सांगितलं, त्याला डावं-उजवं कळत नव्हतं. मग ते इतकं छान जमलं की पेठेत कुणी वाट चुकला की लोक म्हणायचे, संपत झाला. मीही म्हणायचो. म्हाळसा ऐकायची.

३

काटा दाराशी येऊन ठरला तेव्हा मी डबा उपरण्यात गुंडाळून मैनुद्दीनकडे नेला. त्याची दाढी आता पांढरी झाली आहे. त्याने डबा उघडला, कागद काढला, खिळा तपासला, पुन्हा बंद केला.

“काटा उत्तम आहे.”

“उत्तम आहे तर उत्तर दाखवायला काय घेतो?”

त्याने पुढ्यात पाटी ओढली. पाटीवर कोळशाने आमचं घर काढलं, पर्वती काढली, नदी काढली. म्हणाला, “उद्या सकाळी तुमच्या घरून काटा कुठं बघतो ते नीट धरून ठेवा. मग पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्यांवर या. तिथून कुठं बघतो ते मी धरतो. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतील, तिथं काय आहे ते बघू. एखादं लोखंडाचं कोठार असेल.”

दुसऱ्या दिवशी रेघा खडकवासल्याच्या वरच्या डोंगरात कापल्या. तिथं लोखंडाचं कोठार नाही. तिथं करवंदीच्या जाळ्या आहेत.

मी म्हणालो, “मियाँ, तुझा हात कापतो. रेघ वाकडी आली.”

“आठ दिवसांनी पुन्हा काढू.”

आठ दिवसांनी रेघा हिंगण्याच्या मळ्यांत कापल्या. आम्ही दोघं म्हातारे पर्वतीवरून त्या बाजूला बघत राहिलो. पाऊस भुरभुरत होता, मळे भिजत होते, माणूस दिसत नव्हतं. दुपारी मी एकटा हिंगण्याला गेलो. एका मळ्यात बाजरी आडवी झाली होती. गोल, खळ्याएवढ्या गुळगुळीत गोलात. शेतकरी रानडुकरांना शिव्या देत होता. मीही दोन दिल्या. डुकरांना शिव्या देताना बरं वाटलं. बांधावर एक खडा पडला होता, नदीतला, गुळगुळीत. शेतात असे खडे असतात. असतातच.

परत येऊन मी मैनुद्दीनच्या दुकानासमोर उभा राहिलो. त्याची बायको आबेदा पडद्याआडून म्हणाली, “बसा भाऊ, पाणी घ्या.” मी बसलो नाही.

मैनुद्दीन कुलूप घासत होता. वर न बघता म्हणाला, “लोखंड सोडलं तर काटा दोनच गोष्टींकडे जातो, मच्छिंद्रभाऊ. एक उत्तर. दुसरी, ज्या दगडावर तो घासला तो दगड, पण तोही अगदी हाताशी असला तर. कोसावरून नाही. कोसावरून जात नाहीच.” मग त्याचा हात थांबला. “माझा दगड कुठं आहे?”

“तुझ्या डोक्यात,” मी म्हणालो. “म्हणून तर मान अशी वाकडी.”

एरवी असल्या बोलण्यावर तो मला घरापर्यंत झोंबत राहील असं उत्तर देतो. त्या दिवशी त्याने पुन्हा कुलूप घासायला घेतलं.

४

गेलेल्या माणसाचा बारा वर्षं पत्ता लागला नाही की त्याला मेला समजायचं, आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आपल्यात रीत आहे. अमावास्येला बारा वर्षं भरत होती. मीच जाऊन दिगंबरभटांना बोलावून आणलं. संपत सुटावा म्हणून, असं मी त्यांना सांगितलं. कोण सुटावं असं मला वाटत होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

भट उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले. “तीनशे साठ पानं. डोक्याला नारळ. पुतळ्याचे पाय दक्षिणेला. दक्षिण तुम्ही त्या डब्यातून काढून ठेवा, मच्छिंद्रराव. त्यात तुम्ही हुशार.”

“हो, हो,” मी म्हणालो.

म्हाळसा आतून म्हणाली, “हे मेलेल्याचं करतात.”

“बाई, बारा वर्षं झाली,” भट म्हणाले.

“मोजली आहेत मी.”

भट गेल्यावर मी तिला समजावायला लागलो. म्हणालो, त्याला गती नको का? किती दिवस दाराला दिवसा कडी लावायची नाही? किती दिवस सणाला एक पान जास्त मांडायचं आणि मग गाईला घालायचं? तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्हाला कशाची एवढी घाई?”

मी पानं आणायला गेलो.

५

अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपारी. पाऊस थांबला होता, पण पेठेत कधी नाही असं धुकं उतरलं होतं. कासाराचं घर नुसतं काळपट दिसत होतं. पळसाची पानं मी बाहेरच्या खोलीत पसरून मोजत होतो. म्हाळसा जात्याजवळ सूप घेऊन बसली होती. दाराला मी दिवसाढवळ्या कडी घातली होती. होका माझ्या गुडघ्याशी. सकाळपासून तांबडं टोक दाराकडे होतं आणि इतकं थरथरत होतं की काचेवर बारीक कुरकुर ऐकू यावी.

एकशे चाळीस पानं झाली आणि काटा हलला.

एका अंगाने हळूहळू सरकला. दाराकडून खिडकीकडे. खिडकीकडून भिंतीकडे. भिंतीकडून चुलीकडे. मला क्षणभर बरं वाटलं, की बिघाड गेला, उत्तर सापडली. पण तो चुलीवर थांबला नाही. चुलीमागच्या भिंतीला लागून एक बोळ आहे, हातभर रुंद, तिथून कुणी जात नाही. काटा त्या बोळाच्या चालीने सरकत होता. परसाकडे. न्हाणीकडे. पुन्हा दाराकडे.

घराला एक फेरा झाला.

मी स्वतःशी म्हणालो, कासार लोखंडाची काही वस्तू घेऊन फिरतोय. मग आवाज आला.

टक्.

भिंतीच्या पलीकडे. बेडकाचा असेल, पागोळीचा असेल. मी श्वास धरला. फार वेळ काही नाही. घराभोवती शंभर पावलं चालायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग पुन्हा.

टक्.

म्हाळसेचं सूप थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती, पोर खेळून परत यायची वेळ झाली की बाया बघतात तशी.

मी उठलो. दाराच्या दोन फळ्यांत बोटभर फट आहे. तिला डोळा लावला.

पंधरा हातांवर, आमच्याच अंगणापलीकडे, माणूस उभा होता. पाठमोरा. ओला अंगरखा पाठीला चिकटलेला, मुंडाशाचा सोगा सुटून खांद्यावर. मान खाली, हातातल्या कशात तरी. तो थांबला होता. मग त्याचे खांदे उतरले, श्वास सोडल्यासारखे. मग मान वर झाली, धुक्यातलं काहीतरी हेरलं, आणि तो चालायला लागला. शिकवलं होतं तसंच. अगदी तसंच.

अंगणाच्या कोपऱ्याशी तो वळला. तिथं तरी त्याचा चेहरा माझ्या बाजूला यायला हवा होता. मी दिशा ओळखणारा माणूस आहे. तिथं चेहराच यायला पाहिजे होता. आली ती पाठ. चिंचेच्या झाडाला वळसा घालून तो आमच्याकडे यायला लागला, तरी पाठच. जवळ येत होता आणि पाठमोरा होता. पाय चिखलात, गुडघ्याखाली झिजून गेल्यासारखे. उंबऱ्यापासून चार हातांवर आला आणि थांबला. डबा बघितला. तांबडं टोक डाव्या खांद्याकडे असणारच. तो जाईल तीच वाट बरोबर असणारच. त्याने फक्त एकदा मागे वळायला हवं होतं.

मला हाक मारता आली असती. ‘संपत, डब्याच्या तळाचा दगड काढ.’ एवढं म्हणायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. पण मागे म्हाळसा होती, आणि ते वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत घेता आलं नसतं.

तो पुन्हा निघाला. धुक्याकडे, आमच्याकडून दूर. टक्.

मी वळलो. तोंडावर नेहमीचं हसू आणलं.

“कुणी वाटसरू आहे गं,” मी म्हणालो. “तुझ्या भावाच्याच जातकुळीचा. डावं-उजवं कळत नाही बेट्याला, म्हणून फिरतोय गोल गोल.”

म्हाळसा उठली. पळसाच्या पानांवर पाय देत दारापाशी आली. कडीला हात लावला नाही. कडी माझ्या बाजूला होती.

“डावं-उजवं त्याला मी शिकवलं होतं,” ती म्हणाली. “ह्या हाताने जेवायचं, ह्या हाताने नाही. चौथ्या वर्षी त्याला येत होतं. आणि तुम्ही दुकानात येऊन गेलात त्याच दिवशी दगड हरवल्याचं आबेदाने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. बारा वर्षं मी वाट बघतेय, त्याची नाही, तुमची. त्याला तुम्ही सगळ्या दिशा बुजवून दिल्यात, तरी तो चालत चालत दारापर्यंत आला. तुम्हाला तर सगळ्या दिशा कळतात ना? मग ह्या उंबऱ्यापासून त्याच्यापर्यंत किती पावलं आहेत, तेवढी मोजून दाखवा.”